तेलाच्या डब्यावर ‘जीएम’ लिहा, नुसती टेस्ट करून मोकळे होऊ नका: एफएसएसएआयला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

सादर नमस्कार,

पत्र कशाबद्दल आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पहिला पॅराग्राफ वाचून फाइलला लावायचं ठरवलंत तरी मुद्दा पोचलेला असेल. जीएम पिकांपासून, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांपासून केलेल्या खाण्याच्या वस्तूंवर लेबल लावायचा नियम तुम्ही कधीपासून करताय करताय, तो जेव्हा कधी फायनल कराल तेव्हा त्यात खाण्याच्या तेलाला सूट देऊ नका. तेल कुठल्या बियाण्याचं हे खरेदीच्या कागदांवरून ठरवा, तेलात डीएनए सापडतो का ते बघून ठरवू नका. बस, एवढंच मागणं आहे, आता ते का ते सांगते, थोडं लांबेल.

मी इंदूरची, रामबागेतली. घरगुती फराळाचं काम करते, चकली, कडबोळी, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, आणि दिवाळीच्या आधी तर घरात पाय ठेवायला जागा नसते. तुमचा चौदा आकडी नंबर माझ्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, त्यामुळे मी काही बाहेरून शिव्या घालणाऱ्यांपैकी नाही, तुमच्याच रजिस्टरमधली आहे. हेच पत्र हिंदीत वेगळं पाठवतेय, पण मराठीत उघडपणे लिहितेय कारण माझी अर्धी गिऱ्हाईकं इथल्या मराठी घरांतली आणि उरलेली पुण्या-मुंबईकडची त्यांची नातेवाईक मंडळी, आणि आजकाल ऑर्डर द्यायच्या आधी ती एक प्रश्न हमखास विचारतात, काकू, तेल कुठलं वापरता? तेलाचं नाव मी सांगू शकते. त्याच्या पुढचं नाही सांगू शकत, आणि ते मला कळावं याची सोय तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.

आता सियागंजात या, इंदूरचं किराण्याचं होलसेल मार्केट. पंधरा किलोचे डबे ओळीने लावलेले असतात, त्यावर रिफाइंड सोयाबीन तेल असं लिहिलेलं. ते तेल आपल्या मालव्यातल्या सोयाबीनचं असू शकतं, देवास, उज्जैन, मंदसौर या पट्ट्यातलं, किंवा अर्जेंटिना नाहीतर ब्राझीलहून जहाजाने कच्चं डीगम, म्हणजे फक्त डिंक काढलेलं तेल म्हणून आलेलं आणि इथे रिफाइन केलेलं असू शकतं, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र केलेलं असतं. आपल्या देशात जीएम सोयाबीन पेरायला आजपर्यंत परवानगीच दिलेली नाही, म्हणजे मालव्याचा दाणा जीएम नाही. अर्जेंटिना आणि ब्राझीलमधलं सोयाबीन जवळजवळ सगळं जीएम. तर दोन अगदी वेगळ्या मूळाचं तेल एका नावाखाली, एका भावात, एकाच डब्यात विकलं जातंय आणि दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, भाभीजी, तेल तो तेल होता है. त्याचं काही चूक नाही, त्याला पण कोणी सांगितलेलं नाही.

हे काही थोडंथोडकं तेल नाही. गेली काही वर्षं आपण वर्षाला दीडशे लाख टनांच्या आसपास खाण्याचं तेल बाहेरून आणतोय आणि त्यातलं तीस लाख टनांच्या वर सोयाबीनचं असतं. जीएम सोयाबीनपासून काढलेलं तेल आणायला जीईएसीने, म्हणजे जीएमला परवानगी देणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीने, 2007 मध्ये हो म्हटलं होतं, म्हणजे चोरीछुपे काही चाललंय असं मी म्हणत नाहीये, सगळं परवानगीनेच आहे. फक्त जो खातो त्याला सांगितलेलं नाही.

आणि सरकीचं तेल, ज्याला आमच्याकडे कपास्या तेल म्हणतात, त्याची गोष्ट तर त्याहून मजेशीर आहे. बीटी कापूस म्हणजे अळीला तोंड देणारं जनुक घातलेला जीएम कापूस, त्याला 2002 च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातला नव्वद टक्क्यांच्या वर कापूस बीटी आहे. इंदूरहून खाली घाट उतरलं की निमाड लागतो, खरगोन, बडवानी, खंडवा, सगळा कापसाचा मुलूख. कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई वेगळी, सरकी वेगळी, सरकीचं तेल निघतं आणि पेंड म्हशीपुढे जाते. देशात दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास सरकीचं तेल निघतं आणि ते तळणात जातं, नमकीनमध्ये, फरसाणमध्ये, वनस्पती तुपात, कारण त्याला स्वतःचा फारसा वास नाही आणि तळलेला माल त्यात टिकतो चांगला. हे मी कारखान्याच्या गेटवर उभी राहून शोधून काढलेलं नाही, कुठलंही मोठं नमकीनचं पाकीट उलटं करून वाचा, एडिबल व्हेजिटेबल ऑइल आणि पुढे कंसात कॉटनसीड, पामोलीन, कॉर्न असं लिहिलेलं दिसेल.

मला 2010 चं वांग्याचं प्रकरण चांगलं आठवतंय. बीटी वांग्याला जीईएसीने 2009 च्या ऑक्टोबरमध्ये हिरवा कंदील दाखवला, मग त्यावेळचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश सात शहरांत जाऊन लोकांशी बोलले, नागपूर आणि अहमदाबादला पण, तिथे आरडाओरडा झाला, घोषणा झाल्या, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. पेपरात मथळे, भारताने जीएम अन्न थांबवलं. आणि त्या दिवशी संध्याकाळी देशभर लोकांनी चहाबरोबर जे फरसाण खाल्लं त्यातलं कितीतरी बीटी कापसाच्या सरकीच्या तेलात तळलेलं होतं. वांग्यासाठी सात शहरांत सुनावणी आणि सरकीच्या तेलासाठी एक ओळ लेबल नाही, हे मला आजपर्यंत कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. कापूस हे खाण्याचं पीक नाही असं कागदावर असेल, पण आपण तर खातोय ना.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करते कारण असं पत्र लिहिलं की लगेच लोक समजतात ही बाई जीएम खाल्लं की कॅन्सर होतो वगैरे व्हॉट्सअ‍ॅपवाली आहे. नाही. बाजारात जी जीएम पिकं आहेत ती तपासणीतून गेलेली आहेत आणि त्यांच्यामुळे माणसाच्या तब्येतीला धोका दिसत नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने 2016 मध्ये मोठा रिपोर्ट काढला त्यातही साधारण तेच आहे. रिफाइंड तेलात तर प्रोटीन जवळजवळ उरतच नाही. मी स्वतः सरकीचं तेल घरात खाल्लेलं आहे आणि पुढेही खाईन. मला भीती नाही वाटत, मला माहिती पाहिजे. हिरवा ठिपका काय धोक्याची सूचना आहे का? तो 2001 पासून आपल्या पाकिटांवर आहे, मांसाहारी वस्तू विषारी आहे असं त्या दुसऱ्या तपकिरी खुणेचा अर्थ कोणी घेत नाही, ज्याला खायचं तो खातो, ज्याला नाही तो ठेवून देतो, आणि कंपन्या बुडाल्या नाहीत.

तुमच्याच कायद्याकडे बघा. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातल्या कलम 22 मध्ये इतर काही प्रकारांबरोबर ही चार प्रकारची अन्नं एका ओळीत बसवलेली आहेत, नवीन प्रकारचं अन्न, जीएम अन्न, किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलं अन्न आणि सेंद्रिय अन्न. सेंद्रियला 2017 मध्ये तुम्ही नियम दिलेत, जैविक भारतचा लोगो दिलात. नवीन प्रकारच्या अन्नाला पण 2017 मध्येच नियमावली मिळाली. किरणांची प्रक्रिया केलेल्या मालावर त्याची खूण लावावी लागते. चौघांपैकी तीन भाऊ मार्गी लागले आणि जीएम एकटा अजून मांडवाबाहेर उभा, का?

प्रयत्न झाले नाहीत असं नाही, उलट इतके झाले की मोजताना दमायला होतं. ग्राहक मंत्रालयाच्या वजनमापवाल्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांत दुरुस्ती झाली आणि 1 जानेवारी 2013 पासून जीएम अन्नाच्या प्रत्येक पाकिटावर समोरच्या बाजूला सगळ्यात वर ‘जीएम’ अशी अक्षरं पाहिजेत असं ठरलं. मी दुकानातली पाकिटं वाचणारी बाई आहे, पोटापाण्याचा धंदाच तो आहे, मला ती दोन अक्षरं आजवर एका पाकिटावर दिसलेली नाहीत. मग 2018 मध्ये तुमचा मसुदा आला, त्यात 5 टक्के किंवा जास्त जीएम असेल तरच लेबल अशी मर्यादा होती. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 65 खाद्यपदार्थ तपासले आणि त्यातल्या 32 टक्क्यांत जीएम सापडलं, बहुतेक बाहेरून आयात केलेला माल. 2020 च्या ऑगस्टमध्ये तुम्ही ऑर्डर काढलीत की 24 पिकं आयात करताना नॉन-जीएम सर्टिफिकेट लागेल, सोयाबीन, मका, तांदूळ, बटाटा, पपई सगळे त्यात, ती 2021 च्या मार्चपासून लागू झाली आणि त्याबद्दल खरंच तुमचं कौतुक. मग 2021 च्या नोव्हेंबरमध्ये 1 टक्क्याची मर्यादा घालून नवा मसुदा, मग 2022 च्या नोव्हेंबरमध्ये परत मसुदा. मसुद्यावर मसुदा. 23 जुलै 2024 ला जीएम मोहरीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं मोहरीवर एकमत झालं नाही, पण जीएम अन्न आणि खास करून जीएम खाद्यतेल आयात करताना कलम 23 पाळा, म्हणजे पॅकिंग आणि लेबलिंगचं कलम, असं कोर्टाने सांगितलं. खाद्यतेल हा शब्द कोर्टाच्या निकालात आलाय हो. मी माझ्या मनाचं काही सांगत नाहीये.

आता माझा खरा मुद्दा, आणि इथे जरा वेळ देऊन वाचा.

तेल रिफाइन करताना त्यातला डिंक काढतात, आम्लपणा काढतात, रंग काढतात, वास काढतात, या सगळ्यात बियाण्याचा डीएनए आणि प्रोटीन जवळजवळ सगळं निघून जातं. त्यामुळे लॅबमध्ये पीसीआर टेस्ट लावली तर अर्जेंटिनाच्या जीएम सोयाबीनचं तेल आणि मालव्याच्या सोयाबीनचं तेल सारखंच दिसण्याची शक्यता खूप. मग नियम जर असा केला की अंतिम वस्तूमध्ये जीएम डीएनए सापडला तरच लेबल, तर काय होईल? या देशात सामान्य माणूस जे जीएम रोज आणि भरपूर खातो ते आहे तेल, आणि तेच लेबलमधून सुटेल. मग लेबल कोणावर लागेल, तर कुठल्या मॉलमधल्या आयात केलेल्या कॉर्न चिप्सवर, जे आमच्या गल्लीत कोणी खात नाही. कागदावर कायदा झाला, सगळे खूश, आणि कढईतलं आहे तसंच. तेलात डीएनए शोधणं म्हणजे भांडी घासून झाल्यावर पातेल्यात डोकावून आज भाजी काय होती विचारण्यासारखं आहे. भाजी काय होती हे बाजारातून आणलेल्या पिशवीत बघायचं असतं.

आणि ही काही माझी अक्कल नाही, हा धडा युरोपने आधीच गिरवलेला आहे. तिथे 1990 च्या दशकात नियम असाच होता, डीएनए किंवा प्रोटीन सापडलं तर लेबल, रिफाइंड तेल बाहेर. मग 2003 मध्ये त्यांनी कायदे बदलले आणि पीक जीएम होतं की नाही यावर लेबल ठरवलं, तेलात काही सापडो न सापडो, आणि शेतापासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर लेखी कागद पुढे द्यायची सक्ती केली. चुकून होणाऱ्या मिसळीसाठी 0.9 टक्के सोडले. अमेरिकेने याच्या उलट केलं, त्यांचा नियम 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचा झाला, मर्यादा 5 टक्के, आणि जिथे बदललेलं जनुक सापडतच नाही अशा रिफाइंड मालाला सूट, म्हणजे जगातलं सगळ्यात जास्त जीएम पिकवणाऱ्या देशांपैकी एकात सोयाबीन तेलाच्या बाटलीवर काही लिहिणं बंधनकारक धरलं नाही. जपाननेही तेलाला सोडलं. हे लोक मूर्ख आहेत असं नाही, त्यांच्या कारखानदारांना ते सोयीचं होतं. पण मला सगळ्यात गंमत वाटते ब्राझीलची. ज्या ब्राझीलकडून आपण तेल घेतो, त्या ब्राझीलमध्ये 2003 पासून 1 टक्क्याच्या वर जीएम असेल तर पिवळ्या त्रिकोणात काळा टी अशी खूण लावावी लागते, तिथल्या सुपरमार्केटमधल्या सोयाबीन तेलाच्या बाटल्यांवर तो त्रिकोण असतो. म्हणजे त्याच पिकाचं तेल तिथल्या बाईला सांगून विकतात आणि इथल्या बाईला न सांगता. आपण काय कमी पैसे देतो का?

कागदावरून मूळ ओळखणं अवघड आहे असं तुमचे अधिकारी म्हणतील. आयातीत तरी अजिबात नाही. कांडल्याला किंवा मुंद्र्याला टँकर लागतो तेव्हा तेल कुठल्या देशाचं, कुठल्या पिकाचं, हे कस्टमच्या कागदावर लिहिलेलं असतं. देश आणि पीक कळलं की जीएम आहे का हे ठरवायला लॅब लागत नाही. रिफायनरीने डब्यावर तेवढं उतरवायचं. दोन तेलं मिसळली तर ‘जीएम सोयाबीनपासून काढलेलं तेल मिसळलेलं आहे’ असं लिहायचं, विषय संपला. सरकीच्या बाबतीत तर अजून सोपं, देशातला नव्वद टक्क्यांच्या वर कापूस बीटी आहे, तर उलटं धरा, सरकीचं तेल म्हणजे जीएम पिकाचं असं गृहीत धरून लेबल लावा, ज्याला आपली सरकी बीटी नाही म्हणायचं असेल त्याने पुरावा आणावा. आणि आधीच तुमच्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे नुसतं व्हेजिटेबल ऑइल लिहून चालत नाही, कुठलं तेल ते लिहावंच लागतं. कंपनी कॉटनसीड छापतेच आहे, पुढे दोन शब्द वाढवायचे आहेत.

मसुद्यातला तो 1 टक्का पण एकदा नीट सांगा, कशाचा 1 टक्का? पाकिटातल्या एकूण वजनाचा की त्या एका घटकाचा? म्हणजे बघा, चॉकलेटमध्ये सोया लेसिथिन असतं, ते पाकिटावर आयएनएस 322 म्हणून येतं, अर्धा टक्का वगैरे, पण ते अर्धा टक्का पूर्णच्या पूर्ण जीएम सोयाबीनचं असेल तर? युरोपात प्रत्येक घटक वेगळा धरतात. मी स्वतः लेसिथिनसाठी भांडणार नाही, त्यात सूट दिलीत तर मला वाईट वाटणार नाही, पण जे काय असेल ते असं लिहा की वकिलाशिवाय समजेल. आणि दूध, अंडी यांच्या मागे आत्ता लागू नका असंही माझं म्हणणं आहे. म्हैस सरकीची पेंड खाते म्हणून दुधावर लेबल, असं केलंत तर सगळंच जीएम होईल आणि लेबलाला काही अर्थ उरणार नाही. युरोपनेही तिथे हात आखडता घेतलाय.

आता मालव्याच्या शेतकऱ्याबद्दल, कारण इंदुरात राहून सोयाबीनबद्दल लिहायचं आणि शेतकऱ्याचं नाव काढायचं नाही हे मला जमणार नाही. या शहरात सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना आहे, खंडवा रोडला सोयाबीनवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, आणि छावणीच्या मंडीत सीझनला ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल ठरला, मंडीत बऱ्याचदा त्याच्या खालीच जातं. आपल्या सोयाबीनची पेंड, ज्याला व्यापारी डीओसी म्हणतात, ती बाहेरच्या देशांत नॉन-जीएम म्हणून विकली जाते, म्हणजे परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपल्या दाण्याचं हे वैशिष्ट्य माहीत आहे आणि तो त्याची किंमत करतो. देशातल्या गिऱ्हाइकाला माहीत नाही म्हणून तो करत नाही. तेलाच्या डब्यावर लिहिलेलं असलं तर काही लोक तरी चार रुपये जास्त देऊन मालव्याचं तेल घेतील, काही नाही घेणार, ते बाजाराने ठरवावं. पण आत्ता तर बाजाराला ठरवायची संधीच नाही. आणि 2021 आठवतंय ना, सोयाबीनचा भाव दहा हजारांच्या आसपास गेला होता, शेतकरी म्हणत होता आता कुठे चार पैसे दिसले, आणि ऑगस्टमध्ये पोल्ट्रीवाल्यांसाठी 12 लाख टन जीएम सोया पेंड आणायला सरकारने परवानगी दिली, कारण काय सांगितलं तर पेंडीत जिवंत दाणा नाही, उगवणार नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण बघा, तिथे जिवंत नाही म्हणून नियम लागू नाही, इथे डीएनए सापडत नाही म्हणून लेबल लागू नाही, असं प्रत्येक दारातून जीएम माल आत येतो आणि कुठल्याच दारावर रजिस्टर नाही.

निमाडच्या कापूसवाल्याचं काय, त्याच्या सरकीचा भाव पडणार नाही का, हा प्रश्न मला एका ओळखीच्या तेलाच्या व्यापाऱ्याने विचारला आणि तो खरा प्रश्न आहे. थोडाफार फरक पडू शकतो सुरुवातीला, मी नाही म्हणणार नाही. पण नमकीनवाले सरकीचं तेल घेतात ते भाव आणि टिकाऊपणा बघून, आणि सगळ्याच सरकीच्या डब्यांवर एकसारखं लेबल आलं तर एकाला सोडून दुसऱ्याकडे जायचं कारणच राहत नाही. भीती तेव्हा असते जेव्हा एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी लपवायचं. म्हणूनच नियम पाहिजे, स्वेच्छेवर सोडू नका. स्वेच्छेवर सोडलं की काय होतं ते दिसतंच आहे, आजकाल मखान्याच्या पाकिटावर नॉन-जीएमओ लिहितात, मिठाच्या पाकिटावर लिहितात. अरे, जीएम मखाना बाजारात कुणी आणलाच नाहीये, आणि मिठाला जनुकं असतात का? ज्या वस्तूचा जीएम प्रकार बाजारातच नाही तिच्यावर नॉन-जीएमओ लिहायला बंदी घाला, आणि मालव्याच्या तेलासारखं जिथे खरंच फरक आहे तिथे कागद दाखवून लिहू द्या.

जनुक संपादित, म्हणजे बाहेरचं जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्याच जनुकात फेरफार केलेल्या तांदळाच्या दोन जाती 2025 च्या मे महिन्यात जाहीर झाल्या, त्यांना जीएमवाल्या प्रक्रियेतून सूट आहे. तो विषय वेगळा आहे, त्याला यात घुसडून तेलाचा नियम आणखी पाच वर्षं लांबवू नका, एवढंच म्हणते.

शेवटी आमच्या इंदूरच्या सुट्या शेवेचा प्रश्न. इथे निम्मी शेव, पापडी, मिक्श्चर काउंटरवर तोलून विकलं जातं, पाकीटच नाही तर लेबल कुठे लावणार? सराफ्याच्या खाऊगल्लीतला भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा) किंवा गराडू (तळलेला कंद) कुठल्या तेलात-तुपात झालं ते कोण विचारतं. पण 1 ऑक्टोबर 2020 पासून तुम्ही सुट्या मिठाईच्या ट्रेवर बेस्ट बिफोर तारीख लावायला लावलीत, तेव्हा पण हलवाई ओरडले होते, आणि आता बऱ्याच दुकानांत ती चिठ्ठी दिसते. तसंच नमकीनच्या काउंटरवर एक पाटी, तळायचं तेल कोणतं आणि ते जीएम पिकाचं आहे का. मोठ्या दुकानांपासून सुरू करा, ठेलेवाल्याच्या मागे पहिल्या दिवशी इन्स्पेक्टर पाठवू नका, नाहीतर लेबल राहील बाजूला आणि वसुलीच सुरू होईल, आम्हा छोट्या लोकांना ते चांगलं माहीत आहे.

आणि आम्हा छोट्या लोकांसाठीच अजून एक. जबाबदारी वरून खाली येऊ द्या. मी काही ब्राझीलचे कागद बघू शकत नाही. रिफायनरीने डब्यावर लिहिलं असेल तर मी ते बघून माझ्या पाकिटावर उतरवीन, त्यापलीकडे माझ्याकडून टेस्ट रिपोर्ट मागू नका, एका टेस्टच्या पैशात माझी पंधरा दिवसांची कमाई जाते. छापून ठेवलेलं जुनं पॅकिंग संपवायला वर्षभर मुदत द्या, मी दरवर्षी दिवाळीच्या तीन महिने आधी रोल छापून घेते, मध्येच नियम बदलला तर ते रद्दीत जातात. आणि अक्षरं बारीक चालणार नाहीत, ती पुढच्या बाजूला पाहिजेत, हिंदीत पण पाहिजेत, मागे शिवणीत घडी पडते तिथे नकोत.

मागच्या वर्षी मी ज्या कंपनीचं तेल वापरते त्यांच्या कस्टमर केअरला फोन केला होता, तुमचं सोयाबीन तेल इथलं का बाहेरचं, जीएम का नॉन-जीएम. मुलगी फार गोड बोलली, मॅडम आमचं तेल शंभर टक्के शुद्ध आहे आणि त्यात व्हिटामिन ए आणि डी आहे. मी परत विचारलं. तिने परत व्हिटामिन सांगितलं. ईमेल टाकला त्याला उत्तर आलं नाही. तिच्या हातात तरी काय होतं, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर ते नव्हतंच, कारण कंपनीला ते लिहून ठेवायला कोणी सांगितलेलं नाही.

तेव्हा नियम कधी येईल तो येवो, तोपर्यंत मला एका गोष्टीचं उत्तर लेखी द्या, रजिस्ट्रेशन नंबर सोबतच्या ईमेलमध्ये दिला आहे. येत्या दिवाळीच्या पाकिटांवर मी घटकांच्या यादीत ‘सोयाबीन तेल (जीएम पिकाचं असू शकतं)’ असं माझ्या मनाने छापलं तर ते तुमच्या आजच्या नियमांत बसतं का, की दिशाभूल करणारं लेबल म्हणून मलाच नोटीस येईल? ऑगस्टमध्ये छपाईला द्यायचंय, त्याच्या आत कळवलंत तर बरं होईल.

आपली,
रामबाग, इंदूर इथली एक फराळवाली